आई-बाबांना घेऊन अलास्का क्रूझ: व्हिसापासून हिमनदीपर्यंत

सत्तरीच्या आसपासच्या आई-बाबांना घेऊन करायची मोठी सहल कोणती, असं अमेरिकेतल्या कुणी विचारलं, तर मी पहिलं नाव अलास्काच्या क्रूझचं घेते. रोज बॅगा भरायच्या नाहीत, तासन्‌तास गाडीत बसायचं नाही, बाथरूम कायम हाताशी, जेवण वेळेवर. बाबांचा गुडघा दुखला तर त्या दिवशी ते खोलीत बसून डोंगर बघतील आणि बाकीचे खाली उतरतील. सगळ्यांची सहल एकाच वेळी होते आणि कुणाची फरफट होत नाही.

मात्र ही सहल युरोपच्या पॅकेज टूरसारखी 'किती बघितलं' या हिशोबाने केली तर वाया जाते. इथे पाहायची गोष्ट म्हणजे मुख्यतः जहाज जातं ती वाटच. म्हणून घाई करायची ती तयारीत. जहाजावर पाय ठेवला की कार्यक्रम कमी आणि डेकवरचा वेळ जास्त ठेवायचा.

आधी मार्ग, मग जहाज

बहुतेक फेऱ्या ७ रात्रींच्या असतात आणि एप्रिलअखेर ते ऑक्टोबर या काळात चालतात. सुटण्याची मुख्य बंदरं दोन, अमेरिकेतलं सिअ‍ॅटल आणि कॅनडातलं व्हँकुव्हर. सिअ‍ॅटलचं विमान सोपं आणि सहसा स्वस्त पडतं, म्हणून बरेच जण तेच घेतात. पण तिथून निघालेली मोठी जहाजं साधारणपणे व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या समुद्रातून वर जातात. व्हँकुव्हरहून निघालेली जहाजं बेटांच्या आडोशाने, 'इनसाइड पॅसेज'मधून जातात. पाणी शांत, दोन्ही बाजूंना जंगल, मधूनच एखादं दीपगृह. कॅनडाचा व्हिसा हातात असेल तर मी डोळे झाकून व्हँकुव्हर निवडेन.

मग बघायचं ते हिमनदीच्या दिवशी जहाज नेमकं कुठे जातं. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला फक्त दोन मोठ्या जहाजांना परवानगी असते. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि नॉर्वेजियन या कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या तिथे जातात, सगळ्या नाहीत. इतर जहाजं एंडिकॉट आर्म किंवा हबर्ड ग्लेशियरला नेतात. तीही ठिकाणं सुंदर आहेत, पण जाहिरातीतल्या हिमनदीच्या फोटोवर न जाता आपल्या तारखेचा दिवसवार कार्यक्रम उघडून त्यात नाव वाचा.

महिना कुठला? मे आणि जूनमध्ये या भागात पाऊस त्यातल्या त्यात कमी, डोंगरांवर बर्फ भरपूर, आणि मेमध्ये भाडंही उतरलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊब जास्त. सामन मासे नद्यांमधून वर चढतात आणि त्यांच्या मागे अस्वलं येतात. सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर वाढतो. आई-बाबांसोबत असाल तर जून उत्तम. रात्री नऊ वाजता जेवून डेकवर आलात तरी लख्ख उजेड असतो.

कॅनडाचा व्हिसा: इथे हयगय नको

'जहाज सिअ‍ॅटलहून सुटतं, सिअ‍ॅटललाच परत येतं आणि अलास्का तर अमेरिकेतच आहे, मग कॅनडाचा व्हिसा कशाला?' हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कारण १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यात आहे. परदेशी नोंदणीचं जहाज अमेरिकेतल्या बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकेत सोडू शकत नाही. जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजं बहामास, बर्म्युडा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदवलेली असतात. म्हणून सिअ‍ॅटलच्या फेऱ्या वाटेत कॅनडातल्या एखाद्या बंदरात, बहुधा व्हिक्टोरियाला, काही तास थांबतात.

त्या काही तासांसाठीही भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो. 'आम्ही उतरणारच नाही' हे कारण चालत नाही. चेक-इनच्या टेबलावरच जहाजात चढू देण्याचं नाकारतात आणि पैसे परत मिळत नाहीत. ग्रीन कार्ड असलेल्यांना वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं. एच-१बी (नोकरी), एच-४ (नोकरी करणाऱ्याचं कुटुंब) आणि बी-२ (पाहुणे) या अमेरिकन व्हिसांवर असलेल्या भारतीयांना कॅनडाचा व्हिसा हवा.

आई-बाबांचा कॅनडा व्हिसा ते भारतात असतानाच काढून घ्या. बोटांचे ठसे, पासपोर्ट जमा करणं, तो परत येणं हे सगळं पुण्या-मुंबईत बसून निवांत होतं. इथे आल्यावर सहा महिन्यांच्या मुक्कामात ते बसवायला गेलं की जीव टांगणीला लागतो. अर्ज सहलीच्या चार-पाच महिने आधी गेलेला बरा. सोबत बघा की अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत हाताशी ठेवा. कॅनडाला काही तास जाऊन आल्यावर अमेरिकेतला मुक्काम नव्याने मोजला जाईल, अशा भरवशावर परतीची तिकिटं ठरवू नका. तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवरच्या अमेरिकन व्हिसाची मुदत संपली असेल तर निघण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

विमाही आत्ताच तपासा. आई-बाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा कॅनडात आणि जहाजावर चालतो का, आणि जहाजावरून हेलिकॉप्टरने किंवा विमानाने रुग्णालयात न्यायची वेळ आली तर तो खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी मागून घ्या. जहाजावर डॉक्टर असतात आणि चांगले असतात, पण त्यांचं बिल थेट तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं.

केबिन

तरुण मंडळींनी बिनखिडकीची आतली खोली घ्यावी, झोपण्यापुरतं तिथे जावं आणि वाचलेले पैसे व्हेल बघण्यावर खर्च करावेत. आई-बाबांना मात्र बाल्कनीची खोली द्या. थंडीत डेकवर किती वेळ उभं राहवेल हे सांगता येत नाही. शाल गुंडाळून, हातात चहाचा कप घेऊन स्वतःच्या दारात बसायला मिळालं की त्यांची सहल तिथेच वसूल होते. नकाशावर जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यांवरची खोली शोधा, कारण तिथे हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टपासून फार लांब नको. लाइफबोटीच्या मागे येणाऱ्या बाल्कन्या स्वस्त असतात, पण समोर नारिंगी बोटीचं पोट दिसतं. डावी बाजू की उजवी, यावर डोकं शिणवू नका. जाऊन-येऊन फेरी असेल तर दोन्ही किनारे दिसतात, आणि हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात.

बॅगेत काय

थंडीसाठी एकच जाड कोट नेण्यापेक्षा थरावर थर हवेत: आत थर्मल, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जॅकेट. जून-जुलैत दुपारी १६-१८ अंशांपर्यंत जातं, पण हिमनदीवरून येणारा वारा हाडात शिरतो. बाबांची माकडटोपी इथे सर्वांत कामाची. कुणी काही म्हणत नाही, अर्ध्या डेकवर लोक कान झाकूनच असतात. वाऱ्यात छत्री टिकत नाही, ती घरी ठेवा. आईला साडीची सवय असेल तर डेकवर आणि बोटीच्या पायऱ्यांवर सलवार-कुर्ता किंवा पँट बरी, आणि बूट घट्ट पकडीचे हवेत. दुर्बीण प्रत्येक जोडप्यामागे एक घ्या. एकाच दुर्बिणीवर चार जण असले की व्हेल वर येतो तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या गळ्यात असते.

केटल, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी नेऊ नका. आगीच्या भीतीने काढून घेतात. घरी केलेल्या पोळ्या-भाजीलाही परवानगी नसते. बंद पाकिटातला चिवडा, भाकरवडी, खाकरा, मेतकूट, इन्स्टंट चहाच्या पुड्या सहसा चालतात. उलट दिशेचा नियमही लक्षात असू द्या: बुफेमधलं केळं किंवा सँडविच पर्समध्ये टाकून बंदरावर उतरायचं नाही. आईंना हे दोनदा सांगा.

जहाजावरचा पहिला दिवस

सुटण्याच्या गावी आदल्या दिवशीच पोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. सिअ‍ॅटलला दोन वेगवेगळे क्रूझ धक्के आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१; तिकिटावरचा आकडा बघून टॅक्सीवाल्याला सांगा. व्हँकुव्हरला कॅनडा प्लेसवर अमेरिकेचं इमिग्रेशन जहाजात चढण्याआधीच होतं आणि ती रांग लांब असू शकते. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा.

मोठ्या बॅगा धक्क्यावर देऊन टाकतात आणि त्या संध्याकाळपर्यंत खोलीपाशी येतात. म्हणून पासपोर्ट, आठवडाभराची सगळी औषधं, चष्मा, कवळीची डबी, एक स्वेटर हे हातातल्या पिशवीत. रक्तदाबाची गोळी मोठ्या बॅगेत गेली तर ती येईपर्यंत जीव खालीवर होतो.

जहाज सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सक्तीची असते. आई-बाबांना फोनवरचा व्हिडिओ नुसता दाखवून मोकळे होऊ नका. त्यांना त्यांच्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जमायच्या जागेपर्यंत, एकदा चालवत न्या, आणि खोलीपासून कुठल्या जिन्याने यायचं ते दाखवा. जहाजात दिशांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. खोलीचा क्रमांक आणि डेकचा मजला मोठ्या अक्षरात लिहून दोघांच्या खिशात द्या.

फोन सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात जहाजाचा मोबाइल टॉवर पकडला तर रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. आणि घड्याळ? अलास्काची वेळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे. फोन काय दाखवतो याकडे न बघता जहाज सांगेल तीच वेळ खरी.

जेवण आणि आपली माणसं

शाकाहारी माणूस जहाजावर उपाशी राहत नाही, पण नुसत्या सॅलड-पास्त्यावर दिवस काढायची वेळ येऊ नये यासाठी थोडं बोलावं लागतं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगनंतर लगेच, निदान महिनाभर आधी, कंपनीला लेखी कळवा. बाकीच्यांनी पहिल्याच रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठावं. त्याच दिवशी डाळ-भात मागू नका. 'उद्यापासून आम्हाला भारतीय शाकाहारी हवं' असं सांगा. स्वयंपाकघराला एक दिवस मिळाला की बहुतेक जहाजांवर डाळ, भाजी, भात, कधी पोळीही समोर येते. यासाठी रोज त्याच टेबलावर, त्याच वेळी जेवायचा पर्याय निवडा, म्हणजे वाढणारा माणूस बदलत नाही. सूप घेताना ते कशाच्या पाण्यात केलंय, हे विचारायचं. भाज्यांच्या सूपलाही कोंबडीचं पाणी असू शकतं.

कर्मचाऱ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. त्यावर 'इंडिया' दिसलं की आई विचारणारच, "तू कुठला रे बाळा?" आणि उत्तर मडगाव, वसई किंवा मालाड असं येण्याची शक्यता बरीच असते. गोव्या-मुंबईची माणसं पिढ्यानपिढ्या बोटीवर नोकरी करत आली आहेत. ही मुलं सलग सहा-सहा, आठ-आठ महिने घरापासून दूर असतात, सुट्टीचा दिवस जवळजवळ नसतोच. आईने दोन शब्द मायेने विचारले की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांचा खास पाहुणचार मिळावा म्हणून ओळख काढू नका. पण बोला जरूर, आणि परतल्यावर कंपनीच्या फॉर्ममध्ये नाव घेऊन कौतुक लिहा. त्याचा त्यांना पुढच्या कंत्राटासाठी खरा उपयोग होतो. रोजची टीप माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास खात्यावर आपोआप लागते. ती काढून टाकायला सांगणारे काही जण भेटतील, त्यांचं ऐकू नका.

बुफेला जाण्याआधी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे. दारावरच्या सॅनिटायझरवर विसंबू नका. जहाजांवर पसरणारा नोरोव्हायरस त्याने नीट मरत नाही.

बोट लागली तर

आतल्या पाण्यात सहसा लागत नाही. सिअ‍ॅटलच्या फेरीत जाता-येता उघड्या समुद्रातला टप्पा सांभाळायचा. पोट रिकामं ठेवू नये, तेलकटही खाऊ नये. आलेपाकाच्या वड्या सोबत असाव्यात. त्रास सुरू झाला तर खोलीत पडून न राहता मधल्या डेकवर उघड्या हवेत यावं आणि नजर लांब क्षितिजावर ठेवावी. अ‍ॅव्होमिन किंवा मेक्लिझिन या बोट लागण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. आई-बाबांच्या बाकीच्या औषधांसोबत चालेल का, हे घरच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा. गोळी त्रास सुरू होण्याआधी घेतली तर लागू पडते.

किनाऱ्यावर: पूर्ण सहलीत एकच मोठा खर्च

प्रत्येक बंदरात दोनशे-तीनशे डॉलरच्या सहली विकायला असतात. चौघांच्या कुटुंबाने सगळीकडे घेतल्या तर क्रूझपेक्षा सहली महाग पडतात, आणि आई-बाबा दमतात ते वेगळंच. एक मोठी सहल ठरवा, बाकीच्या ठिकाणी पायी किंवा गावातल्या बसने फिरा. माझं मत विचाराल तर ती एक सहल जुनोतल्या व्हेलची.

जुनो ही अलास्काची राजधानी, आणि तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विमानाने या नाहीतर बोटीने. हंपबॅक व्हेल हिवाळा हवाईच्या पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात खायला इथे येतात, त्यामुळे मे ते सप्टेंबर ते दिसण्याची शक्यता फार चांगली असते. बोट छोटी घ्या, पण आत बसायला काचेची बंद जागा आणि शौचालय असलेली. आधी पाण्यावर वाफेसारखा फवारा दिसतो, मग काळी पाठ, आणि शेपटी पूर्ण वर आली की समजायचं, आता तो खोल गेला, पाच-सात मिनिटं तरी दिसणार नाही. त्या वेळात कॅमेरा खाली ठेवून गरुड बघा. किनाऱ्याच्या झाडांवर पांढऱ्या डोक्याचे गरुड बसलेले असतात. बऱ्याच सहली व्हेलसोबत मेंडनहॉल हिमनदीही दाखवतात. ती गावापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे. तिथल्या नगेट धबधब्याची वाट जवळजवळ सपाट, जाऊन-येऊन तीनेक किलोमीटर. चालणाऱ्या आजी-आजोबांना सहज जमते.

स्कॅगवेला व्हाइट पास रेल्वे आहे. १८९७-९८ मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी हजारो माणसं या खिंडीतून पाठीवर ओझी घेऊन चढली. रेल्वे १८९८ ते १९०० मध्ये बांधली. माथेरानच्या गाडीची आठवण यावी अशी अरुंद रुळांची गाडी, फक्त रूळ तीन फुटांचे आणि बाजूची दरी कितीतरी खोल. ३२ किलोमीटरमध्ये ती जवळजवळ ९०० मीटर चढते. चढताना डाव्या बाजूला बसा. फेरीला पावणेतीन तास लागतात, चालणं काही नाही, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना हीच सहल मोठी म्हणून घेतली तरी चालेल. गाडीने किंवा बसने पुढे कॅनडातल्या युकॉनमध्ये जाणारी सहल असेल तर पासपोर्ट बरोबर हवा.

केचिकनला पाऊस धरूनच चला. मुंबईपेक्षा तिथे वर्षभरात बराच जास्त पडतो. खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट आणि मूळ रहिवाशांचे कोरलेले टोटेम खांब गावातच पायी बघून होतात. नॉर्वेजियनची जहाजं मात्र गावापासून ११ किलोमीटरवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात. तिथून मोफत बस असते, तिच्या रांगेचा वेळ धरा.

बाहेरच्या कंपनीची सहल स्वस्त आणि बहुधा छोट्या गटाची असते. पण उशीर झाला तर जहाज थांबतं ते फक्त जहाजाने विकलेल्या सहलीसाठी. परत चढायची जी शेवटची वेळ दिलेली असते, तिच्या दीड तास आधी धक्क्यावर पोचता येईल अशीच बाहेरची सहल घ्या.

हिमनदीचा दिवस

या दिवशी दुसरं काही ठरवू नका. ग्लेशियर बेच्या फेरीत सकाळी एका छोट्या बोटीतून उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर लाउडस्पीकरवरून माहिती देतात. त्यांना थेट जाऊन प्रश्न विचारता येतात, नातवंडांना आवर्जून न्या. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं १७९४ मध्ये इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, सगळा बर्फ होता. आज त्याच जागेतून जहाज १०० किलोमीटरच्या आसपास आत जातं. बर्फ पुढे सरकत आला तेव्हा इथल्या मूळ रहिवाशांना, हूना ट्लिंगिट लोकांना, आपली गावं सोडावी लागली. आज त्यांच्यातलेही काही जण जहाजावर येऊन आपल्या पूर्वजांबद्दल बोलतात. ते ऐकायला सभागृहात नक्की जा.

आत शिरताना तोंडाशी समुद्री पाणमांजरं पाठीवर तरंगताना दिसतात, त्यामुळे लवकर उठा. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं. तिची भिंत दीड किलोमीटरहून रुंद आणि पाण्याच्या वर सुमारे ७५ मीटर. आई-बाबांना त्या तासापुरतं खालच्या प्रॉमनाड डेकवर आणा, तिथे वारा कमी आणि गर्दीही कमी. मग गप्प उभं राहायचं. बर्फ आतून तडकतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. त्या आवाजाकडे बघून उपयोग नाही, कारण तो कानांवर येईपर्यंत तुकडा निम्मा खाली आलेला असतो. भिंतीवरची एकच जागा धरून ठेवा, जिथे बारीक चुरा सतत गळतोय. मोठा तुकडा बऱ्याचदा तिथूनच सुटतो. ताजी फुटलेली जागा गडद निळी दिसते, कारण दाबाने घट्ट झालेला बर्फ लाल प्रकाश शोषतो आणि निळा बाहेर सोडतो.

व्हिडिओ कॉलचा प्रयत्न करू नका, त्यात तो तास निघून जातो.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा रात्री खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. त्याआधी दुसऱ्या दिवशीचे कपडे, बूट, औषधं, पासपोर्ट बाहेर काढलेत ना, हे दोन्ही खोल्यांमध्ये जाऊन बघा. खात्याचं बिल त्याच रात्री तपासा. चूक असेल तर सकाळच्या रांगेपेक्षा रात्री लवकर मिटते. आई-बाबांना बॅगा ओढत आधी उतरायची घाई नको, उशिराचा गट मागून घ्या आणि नाश्ता शांतपणे करा. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका.